मूठ सैल, फटका कडक

(पत्र्यावर पावसाचा आवाज. हॉलमधल्या ट्यूबलाइट एकेक करून लागतात.)

बेळगाव, टिळकवाडी. जुलैतली सकाळ, सहा वाजलेत. दोन दिवस सूर्य दिसलेला नाही. रेल्वे गेटापासून जरा आत असलेल्या या बॅडमिंटन हॉलमध्ये नेट मात्र ताणून तयार आहे: खांबांपाशी १.५५ मीटर, मधोमध थोडं कमी.

खानापूरहून पहिल्या बसनं आलेली ही दहावीतली मुलगी. भातलावणीत घरच्यांच्या बरोबरीनं राबणारी, त्यामुळे हातात ताकद भरपूर. तिचा स्मॅश, म्हणजे डोक्यावरून खाली ठोकलेला फटका, ऐका.

(फटका. 'थप्प' असा बसका आवाज. शटल नेटमध्ये.)

"रॅकेट हाय ती, खोरं न्हवं!" कोपऱ्यातून सरांचा आवाज.

ते जवळ येतात, आणि आधी रॅकेट नाही, तिचा तळवा बघतात. बोटांच्या मुळाशी फोड आलेत. म्हणजे मूठ पहिल्यापासून शेवटपर्यंत आवळलेली.

(मुठीचा क्लोजअप.)

रॅकेटची मूठ अष्टकोनी असते. जाळी जमिनीशी उभी ठेवायची आणि पाहुण्याशी हात मिळवावा तशी मूठ धरायची. अंगठा आणि तर्जनी यांच्यात 'व्ही'सारखी खाच पडते. तर्जनी बाकीच्या बोटांपेक्षा किंचित वर सरकलेली. बहुतेक मुलं चुकतात ती इथंच. भाकरी उलटताना उलथनं धरतो तशी ती रॅकेट आडवी धरतात. शटल लागते, पण पुढचा हात वळायला जागाच उरत नाही.

आणि स्मॅशचा जोर त्या वळण्यात असतो. 'मनगटानं झटका दे' हा आपल्याकडचा लाडका सल्ला. माझ्या मते त्यानं मनगटं जास्त दुखावलीत आणि स्मॅश कमी सुधारलेत. तांब्यातलं पाणी ओतताना कोपरापासून पुढचा हात कसा वळतो, ते आठवा. तेच वळण, फक्त डोक्यावर आणि विजेच्या वेगानं. हात सैल असेल तरच ते जमतं. बोटं मिटायची ती शटलला जाळी लागते त्या क्षणी.

सर कधी मराठीत 'सैल' म्हणतात, कधी कन्नडमध्ये 'सडिल'. हॉलमधल्या मुलांना दोन्ही कळतं.

(संथ गतीत पूर्ण फटका.)

बाकीचं शरीर पायापासून वर येतं. आडवं उभं राहायचं, डावा खांदा नेटकडे, डावा हात शटलच्या दिशेनं वर. आधी कंबर फिरते, मग खांदा, मग कोपर, सगळ्यात शेवटी बोटं. शटल डोक्याच्या मागे गेली की खेळ संपला. ती उजव्या खांद्याच्या वर, अंगाच्या जरा पुढे भेटली पाहिजे. म्हणून स्मॅश सुधारायचा तर अर्धी मेहनत पायांची, मागे वेळेत पोहोचण्याची.

भारताच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग २०२३ मध्ये जपानमध्ये मोजला गेला: ताशी ५६५ किलोमीटर. मुलांच्या तोंडी हा आकडा सतत असतो. सर मात्र १९८० ची गोष्ट सांगतात. ऑल इंग्लंड या बॅडमिंटन स्पर्धेची अंतिम लढत. समोर इंडोनेशियाचा लिएम स्वी किंग, उडी मारून स्मॅश ठोकण्यासाठी जगभर गाजलेला. आपल्या कर्नाटकच्या प्रकाश पदुकोणनी त्याला १५-३, १५-१० असं हरवलं, ते हाताच्या हळुवारपणावर.

एक गोष्ट इथल्या हवेची. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. हवा विरळ तशी शटल लांब जाते, म्हणून डब्यावरचा वेगाचा आकडा बघूनच सर शटल घेतात. आणि पावसाळ्यात हाताला घाम, हवेत दमटपणा. तेव्हा टॉवेल ग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळायची टॉवेलच्या कापडाची पट्टी, बरी. घसरणारी रॅकेट माणूस नकळत आवळून धरतो.

(सर टोपलीतून शटल एकामागून एक उडवतात.)

अर्ध्या कोर्टावरून, निम्म्या जोरानं. वीस झाल्या. पन्नास झाल्या. बऱ्याच नेटमध्ये. मग मध्येच एक,

('टण्ण'.)

ती स्वतःच थबकते. सर काही बोलत नाहीत, पुढची शटल उडवतात. ती पुन्हा 'थप्प'.

साडेसातला बस आहे. दप्तर आवरताना सर तिला थांबवतात.

"हात दाखव बघू. हं. पंधरा दिवसांनी परत दाखव."