हडंब्याच्या तोंडाशी नेमकं मोजायचं काय?

नमस्कार. सप्टेंबर-ऑक्टोबर आला की लातूर-धाराशिवकडं सोयाबीनच्या बनिमी, म्हणजे रचून ठेवलेले ढीग, मोडायला लागतात. कुठंतरी हडंब्यात, म्हणजे मळणी यंत्रात, हात जातो आणि लगेच निकाल लागतो: "लक्ष नव्हतं त्याचं."

हा निकाल तपासू.

(दृश्य: काड सारायची पन्हाळ, जवळून)

काड ओलं असलं की आतल्या फिरत्या ड्रमला गुंडाळतं. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे यंत्र फिरवणारा दांडा, सोडून ड्रम थांबायची वाट बघावी, तर वेळ जातो. दर क्विंटलवर ठरलेला, आभाळ भरलेलं, पुढच्या शेतकऱ्याचे फोन चालूच. मग चालू यंत्रातच हातानं काड ढकललं जातं. म्हणजे सुरुवात कुठून? बनिमीवरच्या फाटक्या ताडपत्रीपासून धरा की!

जेन्स रासमुसेन यांनी 1997 साली मांडलेला ॲक्सिमॅप, म्हणजे अपघातामागची कारणं थराथरांत दाखवणारा नकाशा, इथं कामाला येतो. कागदावर सहा आडवे थर. तळाला पन्हाळ, ड्रम, उजेड. त्यावर काड सारणारा. मग यंत्रमालक नि त्याचा दर, मग यंत्र बनवणारा, मग मानकं, आणि सगळ्यात वर 1983 चा धोकादायक यंत्रांचा कायदा. एका थरातल्या कारणापासून दुसऱ्या थराकडं बाण काढताना पुरावा हवा, नाहीतर नुसती रांगोळी होते.

आता मोजमाप. मळणी यंत्राच्या भारतीय मानकाप्रमाणे पन्हाळ किमान 900 मिमी लांब हवी, त्यातली 450 मिमी झाकलेली. झाकण जिथं सुरू होतं तिथं रंगाची रेघ मारा, मोबाईल स्टँडला लावा आणि तासात हात किती वेळा रेघेपलीकडं गेला ते मोजा. शेजारी यंत्र किती वेळा अडकलं आणि किती कट्टे भरले, हेही लिहा. कट्टे मोजायचे सोडले तर झाकण का काढून टाकतात, हे कळणारच नाही.

कामाचा ताण विचारायला नासाची टीएलएक्स ही प्रश्नावली आहे, 1988 ची. सहा पट्ट्या: डोक्याचा ताण, अंगमेहनत, घाई, कामगिरी, कष्ट, वैताग. यातली कामगिरीची पट्टी उलटी असते, डावीकडं उत्तम, उजवीकडं फसलं. हे समजावलं नाही, तर झकास काम केलेला गडी उजवीकडं खूण करतो आणि त्याचा ताण विनाकारण वाढलेला दिसतो. संध्याकाळी एकदाच विचारू नका. गडी बदलला की लगेच विचारा. काड देणारा, सारणारा, कट्टे धरणारा, तिघांचे आकडे वेगळेच ठेवा. एकाचा ताण कमी केला की बऱ्याचदा तो दुसऱ्याच्या अंगावर जातो.

आणि दवाच्या सकाळचा एक तास नि उन्हं तापल्यावरचा एक तास स्वतंत्र मोजा. दोन्हींची सरासरी काढलीत, तर ओलं काड हिशोबातून गायब.