कागद, काच, पत्रा

पुण्यातल्या एका सोसायटीच्या फाटकाशी कचऱ्याची एक ढकलगाडी रोज सकाळी येऊन थांबते. दोघी कचरावेचक ताई जिने चढून प्रत्येक दारातून ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेतात आणि खाली आल्यावर गाडीशेजारीच वर्गीकरणाला बसतात. त्यांच्या हातांकडे जरा नीट पाहावे. पुठ्ठा एका पोत्यात, दुधाच्या पिशव्या दुसऱ्या पोत्यात, काचेच्या बाटल्या बाजूला. प्लास्टिक कडक आहे की मऊ, हे बोटांनी दाबताच त्यांना कळते, कारण भंगाराच्या दुकानात दोन्हींचा भाव वेगळा असतो. लाल ठिपका असलेली कागदी पुडी मात्र न उघडता वेगळी ठेवली जाते. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, एवढीच विनंती या बायका अनेक वर्षे शहराला करत आहेत. ती न ऐकणारी घरे अजूनही आहेत, आणि तो कचरा उघड्या हातांना लागतो.

हेच हात कधी अंगठीशी, कधी पैशांच्या पाकिटाशी अडखळतात. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या डब्याबरोबर दागिना जातो, निर्माल्याबरोबर मंगळसूत्र जाते, आणि कधी कधी घरच्यांच्या लक्षात येण्याआधीच ते पुन्हा दारात येते. कोणत्या मजल्यावरून कोणता कचरा आला हे ताईंना ठाऊक असते, त्यामुळे मालक शोधायला त्यांना फारसे हिंडावे लागत नाही. 2025 मध्ये सदाशिव पेठेत अशाच एका ताईला 10 लाख रुपयांची रोकड असलेली पिशवी सापडली, तीही मालकाच्या हाती परत गेली. घरोघरचे मासिक शुल्क आणि भंगाराची विक्री एवढ्यावर जिचा संसार चालतो, तिने ती पिशवी परत केली, हे या शहराने लक्षात ठेवायला हवे.

कारण पाठीवर पोते घेतलेली बाई म्हणजे चोर, असे याच शहरात सर्रास मानले जात होते. 1972 च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या अनेक दलित कुटुंबांतल्या बायकांनी कचरा वेचण्याचे काम धरले. कचराकुंडीत हात घालून, कुत्र्यांना हाकलत त्या माल गोळा करत, आणि आसपास चोरी झाली की संशय पहिला त्यांच्यावर जाई. 1990 च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या त्यांच्या वस्त्यांत गेल्या, त्यांच्याबरोबर कुंड्यांपर्यंत फिरल्या, आणि लोकांनी सुका कचरा घरीच वेगळा करून दिला तर या बायकांना कुंडीत उतरावे लागणार नाही, हे साधे पण महत्त्वाचे सूत्र तिथे हाती लागले. पुढे 1993 च्या मे महिन्यात हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेच्या बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली पुण्यात कचरावेचकांचे अधिवेशन भरले आणि त्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. या नावात दया मागणारा एकही शब्द नाही. कागद, काच आणि पत्रा हा त्यांचा माल, आणि कष्टकरी ही त्यांची ओळख.

संघटनेने पहिली मोठी मागणी केली ती ओळखपत्राची. नव्वदच्या दशकातच पुणे महापालिकेने त्या ओळखपत्राला मान्यता दिली, आणि चोर म्हणून हटकल्या जाणाऱ्या बाईला दाखवायला छायाचित्र असलेले एक कार्ड मिळाले. 2008 मध्ये याच बायकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. ही संस्था ठेकेदाराची नाही, काम करणाऱ्या कचरावेचकांच्या मालकीची आहे. महापालिकेचा खर्च वाचला, बायकांची मिळकत थोडी स्थिर झाली आणि अनेकींची मुले शाळेत टिकली.

फेरी अजून संपलेली नाही. भरलेली पोती गाडीच्या कडेला बांधून दोघी पुढच्या इमारतीकडे निघतात. रखवालदार लांबूनच फाटक उघडतो. ओळखपत्र ताईंच्या गळ्यात आहे, पण ते पाहायला तो मागत नाही.