माणकातल्या वळणदार रेषा

पडद्यावर आत्ता जो लाल रंग पसरलाय, तो माझ्या आजीच्या अंगठीतल्या माणकाचा. खडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलाय. नीट पाहिलं तर आत बारीक रेषा दिसतील. वळणदार रेषा, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. त्यांच्या मधेच एक-दोन बुडबुडे.

जमिनीच्या पोटात वाढलेल्या माणकात अशा रेषा नसतात. तिथल्या वाढीच्या रेषा सरळ जातात, कोन करून वळतात. कित्येकदा आत रुटाइल या खनिजाच्या केसासारख्या सुया असतात. पारखी त्यांना रेशीम म्हणतात. आजीच्या माणकात रेशीम नाही. ते ज्वालेत वाढलंय.

ही रीत १९०२ साली ऑगस्त व्हर्नेय या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं जाहीर केली. अॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड, त्यात थोडंसं क्रोमियम. ही पूड हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्वालेतून खाली पडते, दोन हजार अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेत वितळते आणि खालच्या दांडीवर थरावर थर थिजत जाते. थिजणाऱ्या खड्याचा माथा घुमटासारखा असतो, म्हणून थरही गोलाईत बसतात. वळणदार रेषांचं मूळ हे. सगळं काम काही तासांचं. जुन्या मनगटी घड्याळावर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असायचं ना? ती बहुधा अशीच माणकं.

खाणीतल्या माणकाची घडण हीच, काठिण्य तेच, दहापैकी ९, आणि लाल रंगही त्याच क्रोमियमचा. मग ज्वालेतल्या माणकाला खोटं म्हणायचं कशाच्या आधारावर? काच रंगवून माणिक म्हणून खपवली तर ती खोटी. हे माणिकच आहे.

हे मला आज शांतपणे सांगता येतं. ज्या दिवशी तपासणीचा कागद हातात आला, त्या दिवशी मात्र मी अंगठी काढून डबीत ठेवली आणि कितीतरी दिवस डबी उघडली नाही. खडा कालच्याइतकाच लाल होता. बोचत होतं ते वेगळंच. आजीला हे ठाऊक होतं का? की तिला कुणी खाणीतलं सांगून विकलं होतं? ती गेली, आता विचारणार कुणाला.

हिऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न आता घरोघरी पोचलाय. १९५४ साली जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली कार्बनचा हिरा झाला. तेव्हाचे ते कण हत्यारांच्या धारेसाठी होते. आज दाबाशिवायही जमतं. बंद पात्रात मिथेन आणि हायड्रोजन सोडतात, वायूचे रेणू फोडतात आणि हिऱ्याच्या पातळ चकतीवर कार्बन अणूअणूनं बसवतात. काही आठवड्यांत पैलू पाडण्याजोगा खडा तयार होतो. नुसत्या भिंगानं तो ओळखणं मुरलेल्या पारख्यालाही जमत नाही, त्यासाठी यंत्र लागतं. फरक कुठे सापडतो हे कळलं तेव्हा मी थक्क झाले. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजन असतो, आणि त्याचे सुटे अणू सरकत सरकत एकमेकांजवळ येऊन गट करतात. त्याला कोट्यवधी वर्षं लागतात. प्रयोगशाळेकडे तेवढा वेळ नसतो.

म्हणून जमिनीतल्या खड्यासाठी हळवं होणाऱ्यांना मी हसत नाही. दीडशे किलोमीटर खोलवर, अब्जावधी वर्षांपूर्वी जन्मलेली वस्तू बोटात असावी असं वाटणं ही साधी ओढ नाही. आणि ‘माझ्या दागिन्यासाठी डोंगर पोखरायला नकोत’ असं म्हणणाराही माझ्या तितकाच जवळचा. फक्त त्यानं एवढं विचारावं, की त्या पात्राला वीज कुठून आली. खाणीतला हिरा घेणाऱ्यानंही विचारावं, की तो कुणी आणि कसा काढला. २००३ साली सुरू झालेली किंबर्ले प्रक्रिया ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था बंडखोरांच्या युद्धाला पैसा पुरवणारे कच्चे हिरे रोखण्यासाठी आहे. खाणीतल्या मजुराचे हाल त्या व्याख्येत बसत नाहीत.

मोत्यांनी हे सगळं आधीच सोसलंय. जपानच्या मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्यात मोती वाढवून दाखवला. पुढे व्यापाऱ्यांनी त्याला नकली ठरवायची शिकस्त केली. आज बाजारातले जवळपास सगळे मोती वाढवलेलेच आहेत, आणि ते घालताना कुणाला ओशाळं वाटत नाही. कारण ते काय आहेत हे उघड आहे.

माझं सगळं म्हणणं या उघडपणापाशी येऊन थांबतं. २०१८ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगानं हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द काढला, पण प्रयोगशाळेतल्या हिऱ्याला तसं स्पष्ट सांगूनच विकायचं बंधन कायम ठेवलं. मला हे फार योग्य वाटतं. घेणाऱ्याला आधी सांगा, मग त्याचं मन जिकडे जाईल तिकडे जाऊ दे. आजीला ही निवड मिळाली होती की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

डबी मी शेवटी उघडली. अंगठी आता रोज बोटात असते. डबीत एक चिठ्ठी घालून ठेवलीय, पुढे जिच्या हाती ही अंगठी जाईल तिच्यासाठी: ‘आजीचं माणिक. ज्वालेत वाढलेलं. आत वळणदार रेषा आहेत, भिंगातून बघ.’