फिश टँकचा एअर पंप आणि घरातली हवा

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सरत आला की नागपुरात डेंग्यूची धास्ती वाढते. वस्तीतून धूर फवारणीचे यंत्र फिरू लागते, आणि दिवेलागणीनंतर घरोघरी डासांची कॉइल किंवा लिक्विडचे मशीन सुरू होते. माणसांसाठी ही काळजी घेतलीच पाहिजे. परंतु ज्या घरात फिश टँक आहे, तिथे याच वेळी माशांचाही विचार व्हावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ट्रान्सफ्लुथ्रिन, प्रॅलेथ्रिन, ॲलेथ्रिन ही डासनाशकांच्या वेष्टणावर आढळणारी नावे पायरेथ्रॉइड या गटातली आहेत. आपले शरीर ही द्रव्ये बऱ्यापैकी लवकर विघटित करते. माशांच्या शरीरात मात्र ही क्रिया फार मंद चालते, आणि कल्ल्यांवाटे ती सरळ रक्तात उतरत असल्यामुळे त्यांची अगदी अल्प मात्राही माशांना घातक ठरते. टँकमध्ये शोभेचे झिंगे असतील, तर ते माशांहूनही नाजूक असतात.

अनेक जण फवारणीपूर्वी टँकवर चादर टाकतात आणि निश्चिंत होतात. पण टँकशेजारी ठेवलेला एअर पंप खोलीतलीच हवा खेचून बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात सोडत असतो, त्यामुळे वरून झाकलेल्या पाण्यातही विष नळीवाटे पोहोचते. पंप बराच वेळ बंद ठेवणेही योग्य नाही. पाणी 20 अंश सेल्सिअसला असताना त्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. आणि आपल्याकडे ऑक्टोबरच्या उकाड्यातही टँकचे पाणी चांगलेच तापलेले असते.

यावर सोपा उपाय म्हणजे पंपच दुसऱ्या, स्वच्छ हवेच्या खोलीत ठेवून लांब नळीने हवा टँकपर्यंत आणणे. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल, तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अवश्य बसवावा, नाहीतर वीज जाताच पाणी उलटे पंपात उतरते. टँकच्या खोलीत डासनाशकाऐवजी मच्छरदाणी किंवा खिडक्यांना जाळी हाच पर्याय मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

विदर्भातल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती म्हणजे कूलर. खिडकीतला कूलर बाहेरची हवा जोराने आत ओढतो, म्हणून गल्लीत धूर फवारणी चालू असताना तो बंद करून खिडक्या लावून घ्याव्यात. दिवाळीपूर्वीच्या रंगकामातही थिनरच्या वाफेपासून टँक असाच जपावा. स्वयंपाकघराला लागून टँक असेल, तर फोडणीच्या तेलकट वाफेचा तवंग पाण्यावर साचून हवेची देवाणघेवाण मंदावते. असा तवंग साधा कागद पाण्यावर टेकवून उचलला की निघतो.

मासे अचानक सैरावैरा धावू लागले, तोल जाऊन कलंडू लागले किंवा पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले, तर आधी खोलीतले डासनाशक बंद करावे आणि खिडक्या उघडाव्यात. मात्र धूर बाहेरून येत असेल, तर त्या बंदच ठेवाव्यात. त्यानंतर क्लोरीन काढलेले, टँकइतक्याच तापमानाचे पाणी वापरून एकतृतीयांश पाणी बदलावे, आणि फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घालावा, कारण तो अशी सेंद्रिय द्रव्ये आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. काही दिवसांनी हा कोळसा काढून टाकावा. धुऊन पुन्हा वापरू नये.