कोलनवॉटर, कॉलनी आणि स्टेशन : लॅटिन गावनावांची उकल

नमस्कार श्रोतेहो.

ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवायची रीत आपल्या घरांमधून वर्षानुवर्षं चालत आली. त्या बाटलीवरचं 'कोलन' म्हणजे जर्मनीतलं, ऱ्हाइन नदीकाठचं कोलोन शहर. फारिना नावाच्या इटालियन अत्तरकारानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे सुगंधी पाणी तिथं तयार केलं. शहराचं नाव मात्र त्याच्याही आधी साडेसोळाशे वर्षांचं आणि अस्सल लॅटिन. आज अशाच नावांची उकल करू या. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या, कारण काही नावं लिहून पाहिली की लगेच उलगडतात.

कोलोनचं पूर्ण नाव चार शब्दांचं होतं : कोलोनिया क्लाउदिया आरा आग्रिप्पिनेन्सियुम. 'कोलेरे' म्हणजे जमीन कसणं, 'कोलोनुस' म्हणजे शेतकरी आणि 'कोलोनिया' म्हणजे वसाहत. मुदत संपलेल्या सैनिकांना जमिनी देऊन रोमनांनी अशी गावं वसवली. पुढे हा शब्द शहराचा दर्जा सांगू लागला. आपण राहतो ती 'कॉलनी' याच शब्दाची. 'क्लाउदिया' म्हणजे सम्राट क्लाउदियुसची. हा दर्जा त्यानं इ.स. ५० मध्ये दिला. 'आरा' म्हणजे वेदी, तिथं बांधलेली. आणि शेवटचा लांबलचक शब्द सांगतो, आग्रिप्पिनेच्या गावकऱ्यांची. आग्रिप्पिना ही क्लाउदियुसची राणी आणि तिचा जन्म याच गावातला.

इतकं लांब नाव रोजच्या बोलण्यात टिकत नाही. लोक त्याचा एक तुकडा ठेवतात आणि बाकीचे गळून जातात. कोलोननं पहिला शब्द ठेवला. पण प्रत्येक ठिकाणी पहिलाच राहिला असं नाही. सम्राट ऑगस्टसच्या नावानं 'आउगुस्ता' म्हणवणारी किती तरी शहरं होती, त्यांचं पुढे काय झालं ते पाहा. इटलीतल्या आल्प्सच्या कुशीतलं आउगुस्ता प्रेतोरिया. त्यातलं आउगुस्ता झिजून झिजून आओस्ता झालं आणि दुसरा शब्द गेला. आउगुस्ता ताउरिनोरुम, म्हणजे ताउरिनी लोकांचं आउगुस्ता, तिथं पहिला शब्द गेला आणि दुसऱ्याचं तोरिनो, म्हणजे आपण म्हणतो ते ट्युरिन, उरलं. जर्मनीतल्या आउगुस्ता त्रेवेरोरुमचंही तसंच : लोकांचं नाव राहिलं, ते ट्रिअर. आउगुस्ता विन्देलिकोरुमला मागाहून जर्मन 'बुर्ग' जोडलं गेलं आणि आउग्सबुर्ग तयार झालं. स्पेनमधल्या केसारआउगुस्तानं तर दोन्ही शब्द राखले. अरबांच्या तोंडी त्याचं सरकुस्ता झालं आणि त्यातून आजचं सारागोसा. सम्राटाचं अख्खं नाव त्या एका शब्दात दडलेलं आहे, हे कानाला पटकन कळत नाही.

इथं एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ताउरिनोरुम, त्रेवेरोरुम, विन्देलिकोरुम, सगळ्यांच्या शेवटी '-ओरुम' आहे. ही षष्ठी विभक्ती, अनेकवचन. आपलं 'चा-ची-चे', किंवा संस्कृत शिकलेल्यांना आठवणारं 'देवानाम्'. जुन्या नकाशावर '-ओरुम' दिसलं की त्याआधी बहुधा एखाद्या जमातीचं नाव आहे हे ओळखावं.

दुसरी विभक्ती याहून गमतीची आहे. समजा, परक्या मुलखातून आलेल्या माणसानं आपलं बोलणं ऐकलं. 'पुण्यात राहतो', 'पुण्यात भेटलो', 'पुण्यात शिकलो'. त्यानं गावाचं नाव 'पुण्यात' असंच धरलं, तर? युरोपात नेमकं हेच घडलं आहे. 'आक्वा' म्हणजे पाणी. उन्हाळ्यांच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांना रोमन 'आक्वे' म्हणत. आणि 'आक्वेमध्ये' असं म्हणायचं तर 'आक्वीस'. लोकांच्या तोंडी हेच रूप जास्त, म्हणून तेच नाव होऊन बसलं. दक्षिण फ्रान्समधलं आक्वे सेक्स्तिये हे इ.स.पू. १२२ मध्ये सेक्स्तियुस नावाच्या सेनानीनं वसवलेलं. आज ते एक्स, पूर्ण नाव एक्स-आं-प्रोव्हान्स. लिहिताना त्यात ए, आय आणि एक्स एवढीच तीन अक्षरं, आणि त्यात पाणीही आलं आणि सप्तमीही आली.

पॅरिसही असंच. रोमनांच्या काळी त्याचं नाव लुतेतिया, पारिसी लोकांचं लुतेतिया. पुढे लुतेतिया मागं पडलं आणि 'पारिसीस', म्हणजे 'पारिसींकडे', हे रूप राहिलं. शेवटचा 'स' त्या विभक्तीतून आलेला. फ्रेंच लोक तो आता उच्चारत नाहीत, त्यांचं शहर 'पारी'. आपण मराठीत 'पॅरिस' म्हणतो तेव्हा तो जुना 'स' ऐकू येतो. रेमी लोकांचं रँस आणि आंबियानी लोकांचं आमियाँ यांची घडणही हीच.

मैलाच्या दगडांवरून पडलेली नावं सर्वांत सोपी. रोमन पाऊल मोजायचे ते दुहेरी, डावा पाय उचलून पुन्हा डावा टेकेपर्यंत. अशी हजार पावलं म्हणजे एक मैल, सुमारे १,४८० मीटर. हजाराला लॅटिनमध्ये 'मिल्ले', आणि आपला 'मैल' इंग्रजीवाटे तिथूनच आला. ट्युरिनजवळ सेत्तिमो तोरिनेसे नावाचं गाव आहे. 'सेप्तिमुस' म्हणजे सातवा, आपल्या 'सप्तम'चा भाऊ. ट्युरिनपासून सातव्या दगडापाशी वसलेलं, म्हणजे सुमारे १०.४ किलोमीटरवर. फ्लॉरेन्सजवळचं सेस्तो फिओरेंतिनो तसंच सहाव्या दगडाचं.

आता चुकायची जागा सांगतो. इंग्लंडमधल्या मँचेस्टर, लँकेस्टर, लेस्टर या नावांच्या शेवटचा तुकडा लॅटिन 'कास्त्रा' म्हणजे लष्करी छावणी, इथवर बरोबर. पण ही नावं रोमनांनी ठेवली असं म्हटलं की गाडी रुळावरून घसरते. मँचेस्टरच्या छावणीला रोमन मामुकियुम म्हणत, विंचेस्टरला वेन्ता बेल्गारुम. रोमन निघून गेल्यावर आलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांनी पडक्या तटबंद्या पाहिल्या आणि जुन्या नावाच्या उरल्यासुरल्या तुकड्याला आपल्या भाषेत रुळलेला 'चेआस्टर' जोडला. म्हणजे शब्द लॅटिन, पण बारसं इंग्रजी. शिवाय दिसतं तसं प्रत्येक ठिकाणी असेलच असंही नाही. केंब्रिजजवळच्या ग्रँटचेस्टरची अकराव्या शतकातली नोंद 'ग्रान्तेसेता' अशी आहे, ग्रांता नदीकाठचे रहिवासी. तिथं छावणीचा संबंध नाही. म्हणून पहिला नियम : आजच्या रूपावरून अर्थ लावू नये, सर्वांत जुनी लेखी नोंद शोधावी.

दुसरा नियम : व्याकरण तपासावं. 'बाँबे' हे पोर्तुगीज 'बॉम बहिया', म्हणजे चांगली खाडी, यावरून आलं असं आजही अनेक ठिकाणी छापलं जातं. पोर्तुगीज ही लॅटिनचीच लेक आणि तिच्यात विशेषण नामाच्या लिंगानुसार बदलतं. 'बहिया' स्त्रीलिंगी, 'बॉम' पुल्लिंगी. पोर्तुगीज माणूस 'बोआ बहिया' म्हणेल. आपण 'चांगला खाडी' म्हणत नाही, तसंच हे. मुंबादेवीची मुंबई या व्युत्पत्तीपुढे ही कथा टिकत नाही.

लॅटिन नावं पाडणं अजून थांबलेलं नाही, फक्त ते आता पृथ्वीबाहेर चालतं. १६५१ मध्ये इटलीत रिच्चोली या पाद्री खगोलज्ञानं चंद्राचा नकाशा छापला आणि काळ्या डागांना समुद्रांची नावं दिली, ती आजही चालतात. शुक्ल अष्टमीच्या संध्याकाळी गच्चीवर जा. चंद्र डोक्यावर असेल आणि त्याची पश्चिमेकडची बाजू उजळलेली. त्या उजेडात दोन ठळक डाग जोडून दिसतील : मारे सेरेनितातिस, निरभ्रतेचा समुद्र, आणि मारे त्रान्क्विलितातिस, शांततेचा समुद्र. पुन्हा षष्ठी! पुढच्या चार-पाच दिवसांत उजेड पूर्वेकडे सरकतो, तसतसे मारे इंब्रियुम, पावसाच्या सरींचा, आणि मारे नुबियुम, ढगांचा, हे समुद्र उघडे होतात. साधी द्विनेत्री दुर्बीण असली तर कडा स्पष्ट दिसतात, नुसत्या डोळ्यांनीही डाग ओळखता येतात.

याच नकाशावर आता आपलंही नाव आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ जिथं उतरलं त्या जागेचं नाव आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं १९ मार्च २०२४ रोजी मान्य केलं : स्तातियो शिव शक्ती. अपोलो-११ ची जागा स्तातियो त्रान्क्विलितातिस, तिथं दुसरा शब्द षष्ठीत आहे. शिवशक्तीला मात्र लॅटिन प्रत्यय लावलेला नाही, ती मूळ रूपातच राहिली. 'स्तातियो' म्हणजे थांबण्याची, उभं राहण्याची जागा. धातू 'स्तारे', आपल्या 'स्था'चाच सगोत्र. त्या स्तातियोचं इंग्रजीत झालं स्टेशन. आणि शिलाहारांच्या लेखांत जे श्रीस्थानक म्हणून येतं, त्या 'स्थानक'चं झालं ठाणे. सकाळच्या लोकलमध्ये 'पुढील स्टेशन ठाणे' ही घोषणा ऐकाल, तेव्हा एकाच धातूचे दोन शब्द कानावर पडत असतील, एक रोमहून फिरून आलेला आणि एक इथलाच.

नमस्कार.