आरोपी : पन्नास डबे

(कॅरम बोर्ड. पांढरी भुकटी. स्ट्रायकर सुळकन सरकतो.)

ही बोरिक पावडर. चाळीच्या गॅलरीत बोर्ड मांडला की आधी हिची चिमूट पडते. झुरळांसाठी कणकेच्या गोळ्यांतही हीच. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत मात्र ती जेवणात होती. मांसाला चोळायचे, लोण्यात मिसळायचे. माल टिकायचा.

(टेबलावर बारा ताटं.)

1902, वॉशिंग्टन. कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वी वायली यांनी बारा धडधाकट तरुणांना रोज जेवू घालायला सुरुवात केली. स्वयंपाक चांगला, फक्त लोण्यात बोरॅक्स, बोरिक पावडरीचंच भावंड. पोरं हुशार, हळूहळू लोण्याला शिवेनाशी झाली. मग बोरॅक्स कॅप्सूलमध्ये भरून उघडच दिला. भूक मेली, डोकी दुखू लागली, पोटं बिघडली. वर्तमानपत्रांनी या मंडळींना ‘पॉयझन स्क्वाड’ म्हणजे विष-पथक म्हटलं, त्यांच्यावर गाणीसुद्धा निघाली.

(कायद्याचं जुनं पान. बोट ओळींवरून फिरतं.)

30 जून 1906. शुद्ध अन्न आणि औषध कायद्यावर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची सही झाली. सडका, कुजका, घाणेरडा जिन्नस म्हणजे भेसळ. तब्येतीला घातक असं काही घातलं, तर तीही भेसळ. आता दंड वाचा. असा माल एका राज्यातून दुसऱ्यात पाठवला तर पहिल्या खेपेला फार तर 200 डॉलर! एवढ्यानं कोण घाबरतो? खरी मेख दहाव्या कलमात होती. सरकारला थेट मालावरच खटला भरता येत होता. मार्शल, म्हणजे केंद्राचा अधिकारी, यायचा आणि माल उचलायचा.

(अंडी फुटतात. पत्र्याचा डबा भरतो.)

मिसूरीतल्या सेंट लुईसहून हिपोलाइट एग कंपनीचे 130 डबे निघाले, इलिनॉयमधल्या पिओरियाच्या एका बेकरीकडे. आत फोडलेली अंडी, बोरिक ॲसिड म्हणजे तीच बोरिक पावडर घातलेली. बेकरीच्या कोठीत जप्ती आली तेव्हा 50 डबे शिल्लक होते. खटल्याचं नावही तसंच पडलं: अमेरिका सरकार विरुद्ध 50 डबे अंडी. कोर्टाच्या कागदावर आरोपी म्हणून अंडी!

(डब्यावरचं झाकण, जवळून.)

कंपनी भांडली. प्रवास संपला, माल कोठीत लागला, डबे पुढे विकायचेही नाहीत, पावा-केकात घालायचेत. मग केंद्र सरकारचा संबंध काय? प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 13 मार्च 1911 रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती मॅकेन्ना यांच्या लेखी असा माल व्यापारातला फरारी, दिसेल तिथे धरावा. जप्ती कायम राहिली.

(रिकामी कोठी. भट्टीचं दार लागतं.)

बाकीचे 80 डबे जप्तीआधीच बेकरीत वापरून झाले होते.