अंगाची ऊब आणि विजेचा धागा

मंडळी, विषय आहे तापविद्युत धाग्यांचं विणकाम. झेबेकचा १८२१ चा शोध (दोन टोकांच्या तापमानात फरक असला की वीज मिळते) आणि पेल्तिएचा १८३४ चा (वीज सोडली की एक टोक गार, दुसरं गरम) तुम्हाला ठाऊक आहेत, ते सोडतो. पण विणकामाआधी तापमानातल्या फरकाचं बोलायलाच हवं, कारण खरी फसगत तिथेच होते.

‘अंगाच्या उबेवर घड्याळ चालेल’ असं म्हणतात, तेव्हा आकडा बरेचदा हॉट प्लेटवर मोजलेला असतो, दुसरी बाजू मुद्दाम गार ठेवून. आता आपलं बघा. मे महिन्यातल्या दुपारी पणजीत हवा ३३ अंशांच्या आसपास आणि त्वचाही ३३-३४ वर. फरक उरला कुठे? एसीच्या ऑफिसात हवा २४ वर आणा, नऊ अंश मिळाले. तेही धाग्याच्या वाट्याला येत नाहीत! मिलिमीटरभर जाडीचं कापड उष्णतेला जेवढं अडवतं, त्याच्या दहापट अडवणूक बाहेरचा स्थिर हवेचा थर करतो. नवापैकी आठ अंश तिथेच संपतात, कापडाला जेमतेम ०.८ मिळतो. बिस्मथ टेल्युराइड या तापविद्युत पदार्थाच्या एन आणि पी अशा दोन प्रकारच्या तुकड्यांची एक जोडी अंशाला सुमारे ४०० मायक्रोव्होल्ट देते, म्हणजे इथे ०.३ मिलिव्होल्ट. व्होल्टेज वाढवणारी चांगली चिप २० मिलिव्होल्टला जागी होते. करा हिशेब: साठ-पासष्ट जोड्या एकापुढे एक, आणि त्यातला एक सांधा सुटला की सगळं बंद.

पंखा लावा म्हणाल, तर अगदी बरोबर. वाऱ्याने हवेचा थर पातळ होतो. जानेवारीच्या पहाटे मांडवी पुलावरून स्कूटरने जाताना अशा धाग्यांचा अंगावर बांधलेला पट्टा कितीतरी जास्त वीज देईल. प्रयोगाच्या आकड्याशेजारी हवेचं तापमान आणि वाऱ्याचा वेग लिहिलेला नसेल, तर त्या आकड्यावर विसंबू नका.

वेळ संपत आलाय, विणकाम भराभर सांगतो. काचेच्या नळीत बिस्मथ टेल्युराइड भरून भट्टीत तापवून ओढतात. काच मऊ होते, आतला गाभा वितळून बारीक तार बनते. काच तशीच ठेवली तर उष्णता तिच्यातूनच निसटते आणि वाकवताना धागा तुटतो. म्हणून काच काढून पॉलिमरचं वेष्टण द्यावं. धागा कापडात आडवा झोपवून उपयोग नाही. उष्णता त्वचेकडून बाहेर जाते, तेव्हा एन आणि पी तुकडे आळीपाळीने आतून बाहेर, बाहेरून आत गेले पाहिजेत. सांध्यावर आधी निकेलचा थर, मग सोल्डर. तांबं थेट लावलं तर ते आत झिरपून गुणधर्म बिघडवतं.

आणि गारवा, म्हणजे उलट धाग्यातच वीज सोडून त्वचा गार करणं. करंट दुप्पट केला की गारवा दुप्पट, पण तारेतली उष्णता चौपट, आणि तिच्यातली निम्मी गार टोकाकडेच परतते. एक वॅट उष्णता ओढायला एक वॅट वीज लागली, तर बाहेर दोन वॅट टाकावे लागतात. शंभर चौरस सेंटिमीटरच्या पट्ट्यावर, वारा नसेल तर, बाहेरची बाजू हवेपेक्षा वीस अंशांनी तापते. बाहेरचं क्षेत्रफळ वाढवणं हाच उपाय. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के दमटपणा असताना दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं तो, २५ च्या वर असतो. गार टोक त्याखाली नेलं की पाणी साचतं. त्यात घामाचं मीठ मिसळलं, वर डीसी व्होल्टेज, की चांदीच्या पेस्टचे सांधे झिजून शॉर्ट होतात. गार टोक २६-२७ वर थांबवा, त्वचेला तेवढं पुरतं, आणि सांधे सिलिकोनने बंद करा.